तिसऱ्या ओळीवरची काट

५ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिली काट मारली. निळ्या पेनाने, आडवी, पट्टी न लावता. देवाच्या तसबिरीवर रेघ ओढावी तसं वाटलं.

आमच्या वॉर्डात रुग्णाला खाट मिळण्याआधी त्याचा कागद तयार असतो. छापील. पहिली ओळ: आराम. दुसरी: कोमट पाणी, भरपूर. तिसरी: सेफ्ट्रियाक्सोन, एक ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, कुल्ल्यात. हाताने लिहायचं ते फक्त नाव. फ्लू असो, गोवर असो, कागद तोच. तो पहिल्यांदा कुणी छापला हे कुणालाच माहीत नाही. "छापलंय म्हणजे विचार करूनच छापलं असेल," असं आमची मुख्य नर्स झोया म्हणते.

सेफ झोंबतं. मांसात तापलेला खिळा ठोकावा तसं. रोज सकाळी आठला सहा-सहा फुटी मेंढपाळ उशीत तोंड खुपसून आईला हाका मारतात. आमचं निम्मं कराकोल गाव त्यावर घड्याळ लावत असेल.

मुख्य डॉक्टर ताशतानबेक ओमूरोविच यांनी मला पेन्शनीतून ओढून आणलं ते या तिसऱ्या ओळीसाठी. "बिश्केकच्या मंत्रालयातून पत्र आलंय, नलिनी वसंतोव्ना. विषाणूच्या आजारांत अँटिबायोटिक कमी करा म्हणतात. आपण शंभरातल्या एक्क्याण्णव जणांना देतो."

"त्यातल्या कितींना लागतं?"

"ते तुम्ही सांगा. नवरोजपर्यंत तुमच्या सहीशिवाय वॉर्डात सेफ मिळणार नाही. वीस मार्चला आकडे द्या. पण एक जरी दगावला, तरी कागद परत छापील होईल. आणि तुम्ही परत जर्दाळूचा जॅम करायला."

जॅम चांगला होतो माझा. पण मुद्दा तो नाही. गेल्या शरदात, मी निवृत्त होण्याआधी, एक बाई मूत्रपिंडाच्या संसर्गाने आली, एकोणतीस वर्षांची. पाच औषधं दिली. जंतूंनी पाचही ओळखली, नमस्कार केला, आणि आपलं काम चालू ठेवलं. ती गेली, हे तिच्या नवऱ्याला मी बाहेर जाऊन सांगितलं. आणि तीस वर्षं मीही तिसरी ओळ न वाचताच सही करत होते, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी

अकरा काटा. पेन संपलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

खाट क्रमांक चार, मेंढपाळ, फ्लू. छाती स्वच्छ, एक्स-रे फोटो स्वच्छ, तोंड तेवढं अस्वच्छ.

"चाळीस किलोमीटर बर्फातून आलो, डॉक्टर एजे, आणि तुम्ही म्हणता चहा प्या. चहा काय घरी बायको देत नव्हती?"

एजे म्हणजे ताई; मी ताईच्याच सुरात सांगितलं, हा विषाणू आहे, सेफने मरत नाही. विषाणूला सेफ देणं म्हणजे चोराला सोडून शेजाऱ्याला बडवणं. आणि बडवून बडवून एक दिवस शेजारीच गुंड होतो, मग तो कुणालाच आवरत नाही.

"आमच्या घोड्यालासुद्धा सुई देतात."

"घोड्याला काय झालं होतं?"

"लंगडत होता."

"मग?"

"अजून लंगडतो." आणि स्वतःच हसायला लागला. गुण आला.

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये एरंडेल असायचं. ताप, खोकला, रडू, गणितात नापास — सिस्टर बेनेडिक्टा चमचा घेऊन उभी. तोंड वाकडं झालं की खूश व्हायची. "आता आत पोचलं." बेळगाव काय, कराकोल काय, औषधाने छळलं पाहिजे ही श्रद्धा सगळीकडे एकच. अठराव्या वर्षी मी विमानात बसून डॉक्टर व्हायला इकडे आले, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. एरंडेलाची सुई झाली, एवढाच बदल.

इथे घरटी एकीला तरी टोचता आलंच पाहिजे. नाहीतर रात्री-अपरात्री गल्लीतल्या म्हातारीला उठवावं लागतं. माझ्या लेकीला, बेगिमायला, मीच शिकवलं, तेराव्या वर्षी, सफरचंदावर. सफरचंद टोचून झालं तेव्हा असानबेकने बाही वर केली. "आता बापावर." तिने टोचलं. तो ओरडला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. अभिमानानं, असं तो म्हणाला. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. अजून सफरचंद चिरताना मला तो दंड दिसतो.

१७ फेब्रुवारी

सकाळचे आठ वाजले आणि वॉर्डात कुणीच ओरडलं नाही. झोया दारात येऊन बघून गेली. "मेलेत की काय सगळे?"

२१ फेब्रुवारी, बुधवार

आता मजा. विहीणबाई आल्या.

बेगिमायची सासू, सायराकान. वय एकाहत्तर, रक्तदाब, ताप एकोणचाळीस. स्ट्रेचरवर आल्या, पण मिरवणूक असावी तशा. डोक्याला पांढरा रुमाल, पोटावर स्वतःचा थर्मास. तपासणीत फ्लू निघाला. फोटो स्वच्छ. रक्तातला आकडाही सांगतो की जंतूंचं काम नाही. विषाणूवरच्या गोळ्या सुरू केल्या, वेळेत आल्या होत्या.

कागदावरची काट त्यांनी लांबूनच ओळखली. चष्मा नव्हता तरी.

"विहीणबाई, हे काय खोडलंत?"

"लागत नाही म्हणून खोडलं, विहीणबाई."

"आणि या गोळ्या?"

"हे औषध."

"दुखत नाही ते औषध नव्हे. सरबत." मग मान भिंतीकडे वळवली. "माझ्या म्हाताऱ्याला तुमच्या लोकांनी इथेच दोन दिवस 'बघू या' म्हणत ठेवलं. तिसऱ्या दिवशी बघायला तो नव्हता."

त्यांच्या नवऱ्याला न्यूमोनिया होता. त्याला सेफ लागत होतं, आणि उशिरा मिळालं. हे खरं आहे. मी त्यांचे पाय चेपले थोडा वेळ. त्यांनी चेपू दिले, पण आभार म्हणून नव्हे. मी हरलेय का ते बघायला.

२२ फेब्रुवारी

बेगिमायने जिन्याखाली गाठलं. आम्ही दोघी मराठीत बोललो की झोया म्हणते, कढईत मोहरी टाकली.

"आई, देऊन टाक ना."

"बेगू, उपयोग नाही त्याचा."

"उपयोग नाही, मग देण्यात तरी काय जातं?"

याचं उत्तर मी वॉर्डात दिवसातून दहा वेळा देते. पोटच्या पोरीला वेगळंच दिलं. म्हटलं, तुझ्या सासूला दिलं तर खाट क्रमांक चार मला विचारेल, त्यांचे कुल्ले सोन्याचे का? आणि उद्यापासून सगळं पुन्हा छापील.

ती हसली नाही. "अपांना काही झालं तर मी त्या घरात..." सासूला ती अपा, म्हणजे आई म्हणते. पुढचं वाक्य केलंच नाही.

करायची गरजही नव्हती. सहा वर्षं ती त्या घरात दाराजवळ समोवारापाशी बसते. सून म्हणजे चहा ओतणारी, इथपर्यंत ठीक, इथली रीतच आहे. पण रोटी करपली तर इंडियावालीची लेक, वासरू मेलं तर इंडियावालीची लेक. आता त्या इंडियावालीने सासूला सुई नाकारली. सासू गेली तर त्या घरात माझ्या मुलीने कुठल्या तोंडाने चहा ओतायचा?

"तुला खात्री आहे ना, आई?"

"आहे."

"बरं," म्हणाली.

बेगिमायचं 'बरं' मला तिच्या लहानपणापासून कधी कळलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

एकोणचाळीस सहा. पुन्हा फोटो काढला, पुन्हा रक्त. दोन्ही स्वच्छ. ताशतानबेक माझ्या खांद्यावरून फोटोकडे पाहत उभे. सायराकान नात्याने त्यांच्या मावशी लागतात. "नलिनी वसंतोव्ना, बिश्केकच्या पत्रासाठी मावशी घालवू नका."

"फोटोत न्यूमोनियाची सावली दिसली तर सुई मी स्वतः देईन. अजून दिसत नाही."

दुपारी तीनदा जाऊन छातीला नळी लावून आले. विहीणबाई म्हणाल्या, "काय ऐकता एवढं? आत रेडिओ लावलाय का?"

घरी येऊन असानबेकच्या फोटोसमोर बसले. खात्री 'आहे' म्हटलं मी. नव्वद टक्के होती. उरलेले दहा टक्के माझ्या मुलीच्या नावावर ठेवून झोपायला गेले.

२४ फेब्रुवारी

जैसे थे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला बेगिमाय पडदा ओढून सासूचं अंग पुसते. सूप पाजते. मला चहाचासुद्धा विचार करवत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

घाम फुटला! पहाटे चारला विहीणबाईंनी तीन चादरी भिजवल्या आणि झोयाला उठवून घोड्याच्या मांसाचं सूप मागितलं. ताप सदतीस एक. मी गेले तेव्हा उशांना टेकून, जरा उजवीकडे कलून बसल्या होत्या.

"पडून पडून पाठ धरली का?"

"धरणारच. तुमच्या गाद्या म्हणजे शेळीचा गोठा."

सिस्टर बेनेडिक्टाने शिकवलेलं एक स्तोत्र वॉर्डच्या संडासात जाऊन गुणगुणले. तिथेच जरा एकांत मिळतो.

२७ फेब्रुवारी

विहीणबाई घरी. जाताना मला म्हणाल्या, "बरी केलीत." घसा बसलेला असूनही स्वच्छ ऐकू आलं.

४ मार्च, सोमवार

आकडे मांडले. महिन्यात विषाणूचे एकशे सात रुग्ण. सेफ मिळालं ते एकवीस जणांना, ज्यांना खरोखर लागत होतं त्यांना. कुणीही दगावलं नाही. सायराकान यांचं पान मी सर्वांत वर ठेवलंय: वय एकाहत्तर, ताप एकोणचाळीस सहा, अँटिबायोटिकशिवाय बऱ्या. गर्वाने लिहिलं. सिस्टर बेनेडिक्टा असती तर या गर्वासाठी चमचा घेऊन आली असती.

१० मार्च, रविवार

चमचा आला.

विहीणबाईंनी बरं झाल्याचं जेवण घातलं. मेंढी कापली, चाळीस माणसं, ताशतानबेकसुद्धा. मला मानाचा भाग म्हणून मेंढीच्या मागच्या बाजूचं मांस वाढलं. विहिणीला तोच द्यायचा असतो. मी तोंडात घास घालणार, एवढ्यात सायराकान उभ्या राहिल्या.

"मला कुणी वाचवलं, सांगू? डॉक्टरांनी नाही. माझ्या सुनेनं."

त्यांनी चाळीसही माणसांवरून नजर फिरवली.

"विहीणबाईंनी सुई दिली नाही. तर या पोरीनं दुकानातून दहा बाटल्या आणल्या. पडद्याआड, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस टोचलं. स्वतःच्या आईच्या पाठीमागे! माझ्यासाठी!" आणि समोवाराकडे वळून, "बेगिमाय, ऊठ तिथून. इकडे ये, माझ्याजवळ बस. चहा दुसरं कुणीही ओतेल."

सहा वर्षांत पहिल्यांदा माझी मुलगी दारापासून उठून घराच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी बसली. सासूने आपल्या ताटातलं मांस तिच्या हातावर ठेवलं. म्हाताऱ्यांनी तळहात उघडून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवला. मीही फिरवला. आत काय चाललं होतं ते हातांमागे बरं लपलं.

एकाच ताटात माझा पराभव आणि तिचा मान. उजवीकडे कलून बसल्या होत्या! आणि मी गाद्यांना दोष दिला. मेंढीचं ढुंगण समोर असून मला कळू नये?

बेगिमायने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बूट घालताना ताशतानबेक जवळ आले. हळूच म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या विहिणीने चोरून घेतलं. बाकीच्या शंभरांनी काय केलं असेल? वीस तारखेला आकडे द्या. किंवा, खरं सांगू, देऊ नका."

११ मार्च, सोमवार

संध्याकाळी बेगिमाय आली. कोट न काढता बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला.

"उघड."

दहा बाटल्या. पांढरी भुकटी, ॲल्युमिनियमची टोपणं. दहाही सीलबंद.

मी एकेक उचलून दिव्याखाली धरली. मला मोजता येतं, तरी दोनदा मोजल्या.

"रोज यातलीच एक दाखवायचे. 'बघा अपा, हीच ना?' मग पाठ फिरवून खिशात."

"आणि टोचलंस काय?"

"मिठाचं पाणी. सलाईनचं. जिन्यात भरून आणायचे."

बसले मी. ती उभीच.

"तू म्हणालीस देऊ नको. त्या म्हणाल्या दे. दोन आया आहेत मला, आई. मी काय करू? दोघींचं ऐकलं."

"आणि त्यांना काही झालं असतं तर?"

"तुला खात्री होती ना." मग जरा थांबून, "मला नव्हती. पाच दिवस जेवले नाही मी."

तिला जवळ घेतलं. कोटाला बर्फाचा आणि समोवाराच्या धुराचा वास. माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "कुणाला सांगू नको. काल त्यांनी मला शेजारी बसवलंय. हे कळलं तर मी त्या घरातून गेले, आई."

१५ मार्च, शुक्रवार

सायराकान यांची सुई कराकोलभर झाली आहे. बाजारात मधवाली म्हणाली, "डॉक्टर एजे, सायराकान अपांना दिली तीच सुई मला लिहून द्या."

"तीच? आनंदाने," म्हटलं मी. जीभ चावली.

विनोद बाजूला. माझी सर्वांत चांगली रुग्ण, जिला अँटिबायोटिकचा थेंब लागला नाही, ती गावभर अँटिबायोटिकची दवंडी पिटते आहे. आणि पुरावा माझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात. तो ताशतानबेकपुढे ठेवला तर वॉर्ड वाचतो, मुलगी जाते. नाही ठेवला तर छापील कागद परत येतो, आणि पुढच्या शरदात पुन्हा कुणी एकोणतीस वर्षांची.

झोयाने आज विचारलं, "नवे कागद छापायला टाकू का? जुनेच टाकते." म्हटलं, दोन दिवस थांब.

१८ मार्च

आकड्यांचा कागद लिहिला. फाडला. लिहिला. सायराकान यांचं पान काढून ठेवलं, परत लावलं. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायची, खोटं बोलणं हे पाप आणि गप्प बसणं हे त्याचं धाकटं भावंड. तिला मुलगी नव्हती.

उद्या पान काढून टाकणार. आकडे देणार नाही. झोयाला सांगेन, टाक छापायला.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी दारात विहीणबाई. एकट्या, हातात फडक्यात बांधलेली कत्तामा, पापुद्र्यांची रोटी. आत आल्या, खुर्चीवर बसल्या. सरळ, दोन्ही कुल्ल्यांवर.

"नलिनी," म्हणाल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा नावाने. "सेफ वीस वर्षं घेतेय मी. सेफ झोंबतं. ते झोंबलं नाही."

मी किटली खाली ठेवली.

"पहिल्याच सुईला कळलं. ओरडणार होते. पण पाठीवर काहीतरी गरम टपकलं, पोर रडत होती. म्हटलं, मरायचंच तर हिच्या हातून मरू. चौथ्या दिवशी घाम फुटला. मग जेवणात मला हवं ते मी बोलले."

"ताशतानबेक—"

"त्याच्या कानात सांगून आले, ते सेफ नव्हतं. मावशीचं गुपित आहे, फोडणार नाही. बेगिमायला यातलं काही कळता कामा नये." कत्तामा माझ्यापुढे सरकवली. "तुझ्या कागदावर खरं लिही. माझ्या घरात मात्र मला सेफच टोचलं होतं."